पाण्यावरचा शेजारधर्म

रात्रीचे दोन वाजलेले असतात. वारा वाढलेला असतो. मरीनात बांधलेल्या एका छोट्या यॉटच्या पोटात, जेमतेम माणसाच्या लांबीच्या बाकावर कोणीतरी झोपेची आराधना करत पडलेले असते आणि बाहेर एक आवाज चालू असतो : टक्, टक्, टकटक, टक्. घरातला नळ गळत असता तर उठून घट्ट करता आला असता. पण हा आवाज आपल्या नावेवरचा नसतो. शेजारच्या नावेची शीड वर चढवण्याची दोरी सैल राहिलेली असते आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेसरशी ती पोकळ ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर आपटत असते. नावेचा मालक रविवारी संध्याकाळी तिला बांधून दूर शहरातल्या आपल्या घरी निघून गेलेला असतो. तो आता पुढच्या शनिवारी उगवणार.

उपाय अगदी सोपा आहे. हातभर दोरीचा तुकडा घ्यायचा आणि ती सैल दोरी डोलकाठीपासून ओढून बाजूच्या तारेला बांधून टाकायची. काम दोन मिनिटांचे. पण त्यासाठी दुसऱ्याच्या नावेवर पाय ठेवावा लागतो, आणि न विचारता दुसऱ्याच्या नावेवर पाय ठेवणे हा दर्यावर्दी लोकांत फार मोठा असभ्यपणा समजला जातो. परक्याच्या स्वयंपाकघरात सरळ शिरावे, तसे ते आहे. मग करायचे काय? रात्रभर जागायचे, सकाळी कार्यालयात तक्रार नोंदवायची, की ते एक पाऊल टाकायचे?

मरीनातील शिष्टाचाराचे सारे प्रश्न कमीअधिक याच जातीचे असतात. वरवर पाहता ते पैसेवाल्यांच्या हौसेतले किरकोळ प्रश्न वाटतात. थोडे खोलात गेले की त्यांच्या तळाशी शेजार म्हणजे काय, हा आपल्या ओळखीचाच प्रश्न सापडतो.

भिंत नसलेली चाळ

मरीना म्हटले की आपल्याला चेन्नईचा समुद्रकिनारा आठवतो, आणि शब्दाचा मूळ अर्थ पाहता ते योग्यच आहे. इटालियन भाषेत मरीना म्हणजे समुद्रकाठ. हौशी नावा बांधून ठेवण्याची आखीव जागा हा अर्थ त्याला अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चिकटला. मुंबईत गेटवेसमोर दिसणाऱ्या यॉटी भर पाण्यात, एकमेकींपासून अंतर राखून, बोयांना बांधलेल्या असतात. तो मरीना नव्हे. कोचीजवळच्या बोलगट्टी बेटावर मात्र असा मरीना आहे.

मरीनाची रचना अशी असते. लाटा अडवणाऱ्या बांधाच्या आत तरंगते लाकडी किंवा काँक्रीटचे रस्ते असतात. भरतीओहोटीबरोबर ते वरखाली होतात. मुख्य रस्त्याला हाताच्या बोटांसारखे फाटे फुटलेले असतात आणि दोन बोटांमधल्या फटीत बहुधा दोन नावा शेजारी शेजारी उभ्या राहतात. दोघींमध्ये कधी कधी हातभर अंतरही नसते. कठड्यापाशी विजेचा आणि पाण्याचा खांब असतो. किनाऱ्यावर कार्यालय, न्हाणीघरे, धुण्याची यंत्रे आणि सामान वाहायच्या हातगाड्या. या हातगाड्या वापरून झाल्यावर जागेवर आणून न ठेवणारी माणसे हे जगातल्या बहुतेक मरीनांचे सामाईक दुखणे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या नावा साच्यात घालून काढता येऊ लागल्या. लाकडी नाव घडवायला लागणारी वर्षांची कारागिरी आणि तिच्या निगराणीचा खर्च, दोन्ही कमी झाले. इंग्लंड-अमेरिकेतील शाळामास्तर, कारकून, दुकानदार यांनाही नाव परवडू लागली. त्या नावांना जागा हवी म्हणून मरीना वाढले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्रचंड मोठ्या ब्रायटन मरीनाचे औपचारिक उद्घाटन १९७९ साली झाले, ते याच लाटेत. यामुळे आणखी एक बदल घडला. पूर्वी नाव बाळगणारा माणूस कोळ्यांच्या वस्तीत, आरमारात किंवा एखाद्या जुन्या क्लबात पाण्यावरच्या चालीरीती आपसूक शिकत असे. आता ज्याच्या घराण्यात कोणी वल्हे हातात धरले नव्हते, असा माणूस थेट नावेचा मालक झाला. जुने संकेत नियम होऊन फलकावर छापावे लागले. गंमत म्हणजे रात्रीची ती टकटकही याच काळाची देणगी आहे. लाकडी डोलकाठीवर दोरी आपटली तर बद्द आवाज येतो. ॲल्युमिनियमची पोकळ डोलकाठी घंटेसारखी वाजते.

आपल्याला या जागेची कल्पना चाळीवरून येईल. सामाईक गॅलरी, सामाईक नळ, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर, कोणाकडे काय शिजते आहे याची वार्ता, सारे तेच. फरक एवढाच की चाळीतल्या दोन बिऱ्हाडांत पातळ का होईना, भिंत असते. इथे मध्ये पाणी असते, आणि पाणी सगळे पलीकडे पोहोचवते.

पाणी काय काय पोहोचवते

पहिली गोष्ट लाटांची. वेगाने जाणारी नाव आपल्यामागे लाटा सोडते. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. म्हणून मरीनात शिरताना थोडा वेग वाढवणाऱ्याला आपण फार काही केले असे वाटत नाही, पण बांधलेल्या नावा दोरांना हिसके देत धक्क्यावर आदळतात, चुलीवरचे आधण कोणाच्या तरी पायावर सांडते. नावेमागच्या लाटेची जबाबदारी नाव हाकणाऱ्याची, हा संकेत सर्वत्र मानला जातो. इंग्लंडच्या कालव्यांवर ताशी चार मैल ही वेगाची कमाल मर्यादा आहे, आणि बांधलेल्या नावांजवळून जाताना त्याहूनही हळू, इंजिन नुसते धुगधुगत ठेवून जावे अशी अपेक्षा असते. तिथे नावा अनेकदा काठाच्या मातीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना बांधलेल्या असतात. जोराच्या लाटेने खुंटी उपटली जाते आणि घरात कोणी झोपले असताना घर वाहू लागते.

दुसरी गोष्ट धुराची. शेजाऱ्याने जनित्र चालू ठेवले की आवाजाचा त्रास होतो, तो कळतो तरी. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. शांत हवेत तो शेजारच्या नावेच्या उघड्या खिडकीतून आत साचू शकतो आणि झोपलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो.

तिसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी आहे. नावेच्या पाण्याखालच्या धातूला, म्हणजे पंख्याला आणि त्याच्या दांड्याला, गंज खाऊ नये म्हणून जस्ताचे गठ्ठे लावतात. जस्त आधी झिजते आणि बाकीचा धातू वाचतो. आता दोन शेजाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या एकाच खांबावरून वीज घेतली, की अर्थिंगच्या तारेतून दोन्ही नावांचे धातू एकमेकांना जोडले जातात. समुद्राचे पाणी दुसऱ्या बाजूने त्यांना जोडतेच. तयार होते ती एक मोठी बॅटरी. शेजाऱ्याने आपले जस्त वेळेवर बदलले नसेल, तर तुमचे जस्त त्याचाही पंखा वाचवत झिजते. वर्षभर टिकणारा गठ्ठा काही महिन्यांत का संपला, हे कोडे मरीनात अनेकांना पडते. त्यावर अर्थिंगच्या तारेत बसवायचे एक छोटे उपकरण मिळते. पण ते बसवीपर्यंत तुम्ही कधी न बोललेल्या माणसाचे रक्षण आपल्या खर्चाने करत असता.

चौथी गोष्ट सर्वांत गंभीर. एखाद्या नावेतली वायरिंग सदोष असेल तर वीज पाण्यात झिरपते. गोड्या पाण्यात हा धोका विशेष मोठा, कारण माणसाचे शरीर गोड्या पाण्यापेक्षा विजेचे चांगले वाहक आहे. पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात, त्याला हातपाय हलवता येत नाहीत आणि तो बुडतो. काठावरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. मरीनात पोहू नये हा फलक मुलांच्या दंग्याला आळा घालण्यासाठी लावलेला नसतो.

हे सारे पाहिले की मरीनातले बरेचसे नियम शिष्टपणातून न येता पाण्याच्या स्वभावातून आले आहेत, हे लक्षात येते.

दुसऱ्याच्या अंगणातून

या नियमांतला सर्वांत सुंदर भाग गर्दीच्या बंदरात पाहायला मिळतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत धक्क्याला जागा उरत नाही. मग पहिल्या नावेला दुसरी, दुसरीला तिसरी, अशा नावा एकमेकींना बांधत जातात. सर्वांत बाहेरच्या माणसाला किनाऱ्यावर जायचे तर मधल्या सगळ्यांच्या नावांवरून चालत जावे लागते. इथे न विचारता पाय ठेवू नये हा नियम वाकवावा लागतो, आणि तो कसा वाकवायचा याचेही नियम आहेत.

आधी विचारायचे : ‘तुमच्याशेजारी बांधली तर चालेल का?’ नाही म्हणणे प्रशस्त समजले जात नाही, पण विचारल्याशिवाय दोर टाकणेही तितकेच अप्रशस्त. आपल्या रबरी गाद्या आपण लावायच्या. आपला भार शेजाऱ्याच्या दोरांवर न टाकता पुढून आणि मागून आपले स्वतंत्र दोर थेट किनाऱ्यापर्यंत न्यायचे. दोन डोलकाठ्या अगदी समोरासमोर येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर नावा डुलताना वरच्या तारा एकमेकींत अडकतात. दुसऱ्याच्या नावेवरून जाताना डोलकाठीच्या पुढून जायचे, मऊ तळव्याचे बूट घालून, पाय न आपटता. मागच्या बाजूला बसायची जागा असते, तिथे माणसे जेवत असतात, भांडत असतात, वाचत असतात. तिकडे पाहायचेही नाही. आणि झोपण्यापूर्वी विचारून ठेवायचे : ‘सकाळी तुम्ही किती वाजता निघणार?’ कारण आतली नाव निघायची तर बाहेरच्या सर्वांना उठून दोर सोडावे लागतात.

आपल्याकडे ससून डॉकला किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला मासेमारीच्या बोटी अशाच एकीला एक लागून उभ्या असतात आणि खलाशी एकीवरून दुसरीवर पाय टाकत धक्क्यावर येतात. त्यांना या रीतीचे पुस्तक लागलेले नाही. ज्याला उद्या आपल्याही बोटीवरून कोणी जाणार हे ठाऊक असते, तो दुसऱ्याच्या बोटीवर पाय जपून ठेवतो.

तापदायक शेजारी

तरीही तापदायक शेजारी असतातच. रात्री बारानंतर गाणी लावणारा. नावेचे नाक चालण्याच्या वाटेवर दोन हात पुढे काढून नांगराच्या टोकाशी सर्वांच्या कपाळाची भेट घडवणारा. संडासाची टाकी धुवायला पिण्याच्या पाण्याची नळी वापरणारा. वाटेवर दोर, सायकली आणि कुंड्या यांचा संसार मांडणारा. यांच्याशी कसे वागायचे? अनुभवी मंडळींच्या वागण्यातून याची एक चढती पायरी दिसते.

पहिली पायरी अशी की समोरच्याला माहीत नाही असे गृहीत धरायचे. दोरी टकटकते हे मालकाला बहुधा माहीत नसते, कारण वारा असताना तो तिथे नसतो. म्हणून नुसते सांगण्यापेक्षा हातात दोरीचा तुकडा घेऊन सांगणे चांगले. दुसरी पायरी वेळेची. माणूस नाव धक्क्याला लावत असताना त्याची चूक कधीही दाखवू नये. वारा, प्रवाह आणि पाहणाऱ्यांच्या नजरा यांनी तो आधीच घामाघूम झालेला असतो. त्या वेळी त्याचा दोर झेलावा, खुंट्याला बांधून द्यावा. बोलायचे ते तासाभराने, चहाच्या वेळी. दोर झेलणाऱ्याचे ऐकून घेणे कोणालाही जड जात नाही. तिसरी पायरी चिठ्ठीची. ती सहीनिशी आणि आपल्या नावेच्या नावानिशी असावी. निनावी चिठ्ठीने एकाच शेजाऱ्याशी असलेले भांडण सगळ्या धक्क्यावर पसरते. शेवटची पायरी कार्यालयाची. तिथे तारीखवार नोंद घेऊन जावे. ‘तो माणूसच तसा आहे’ हे सांगायला जाऊ नये.

आणि एक गोष्ट कधीही करू नये. शेजाऱ्याच्या दोराला किंवा विजेच्या तारेला सूड म्हणून हात लावू नये. गाणी थांबवण्यासाठी तार उपटली, तर बॅटऱ्या भरायच्या थांबतात. बॅटऱ्या उतरल्या की नावेच्या तळात साचणारे पाणी उपसणारा पंप बंद पडतो. मालक आठवडाभर येत नाही. गाण्यावरून सुरू झालेले भांडण नाव तळाला गेल्यावर संपते.

मात्र या पायऱ्या त्रासासाठी आहेत. जिथे धोका आहे तिथे त्या वापरायच्या नसतात. धूर, झिरपणारी वीज, गॅसचा वास, झिजून तुटायला आलेला दोर, नेहमीपेक्षा पाण्यात खाली बसलेली नाव यांपैकी काहीही दिसले तर संकोच न करता त्याच क्षणी सांगायचे. मालक नसेल आणि नाव बुडत असेल, तर न विचारता पाय ठेवणे हेच कर्तव्य होते.

नियम कोणाचे?

इथवर सगळे सरळ आहे. पण ‘बेपर्वा शेजारी’ कोणाला म्हणायचे, हे कोणी ठरवायचे? जेरोम के. जेरोमच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ या १८८९ च्या विनोदी पुस्तकात वल्ह्यांची नाव घेऊन थेम्सवर निघालेला निवेदक वाफेच्या बोटींवर मनस्वी चिडलेला असतो आणि मुद्दाम त्यांच्या वाटेत रेंगाळतो. पुढे एका ओळखीच्यांची वाफेची बोट त्यांची नाव ओढून नेते, तेव्हा त्याच माणसाला वाटेत कडमडणाऱ्या वल्ह्यांच्या नावांचा भयंकर राग येतो. आपण कोणत्या नावेत बसलो आहोत, यावर बेपर्वाईची व्याख्या ठरते.

आजच्या इंग्लंडमध्ये हा विनोद थोडा कडवट झाला आहे. घरभाडी न परवडणारी अनेक माणसे लंडनच्या कालव्यांवर नावेत राहू लागली. १९९५ च्या कायद्याप्रमाणे ज्याच्या नावेला कायमची जागा नाही, त्याने सर्वसाधारणपणे चौदा दिवसांपेक्षा जास्त एका ठिकाणी राहता कामा नये. रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात इतरांना त्रास होईल असे इंजिन चालवू नये, ही परवान्याची अट आहे. पण हिवाळ्यात सूर्य चारला मावळतो, छतावरची सौरपट्टी निकामी असते आणि कामावरून सातला परतलेल्या माणसाला दिवा, पंप, फोन सगळे इंजिनावरच भरून घ्यायचे असते. काठावरच्या नव्या इमारतीतला रहिवासी त्याच्या लाकडाच्या शेगडीच्या धुराची तक्रार करतो. दोघांचेही म्हणणे खरे असते.

मरीनातही हाच पेच आहे. अनेक मरीना हौशी नावांसाठी असतात, तिथे कायमचे राहायला परवानगी नसते. तरी काही माणसे गाजावाजा न करता राहतात आणि कार्यालय काणाडोळा करते. अशा माणसाविरुद्ध गाण्याच्या आवाजाची तक्रार गेली, की फाइल उघडते आणि तो तिथे राहतो हेच मुळात नोंदले जाते. २००० साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने थेम्सवर चेल्सी इथे बांधलेल्या एका वस्तीच्या नावेविषयी निकाल दिला. ती जुनी, युद्धकाळातली नाव होती, तिच्यात माणूस भाड्याने राहत होता. न्यायालय म्हणाले की दोर आणि नळ-विजेच्या जोडण्या सहज सोडवता येतात, म्हणून नाव जमिनीचा भाग होत नाही; जमिनीवरच्या भाडेकरूला मिळणारे संरक्षण तिच्यातल्या माणसाला मिळणार नाही. खेड्यात चाकावरच्या घरात राहणाऱ्याला १९८३ च्या कायद्याने जे काही संरक्षण आहे, तेही नावेत राहणाऱ्याला नाही. जमिनीवर शेजाऱ्याची तक्रार केली तर त्याला समज मिळते. पाण्यावर त्याचे घर जाऊ शकते. म्हणून कार्यालयाची पायरी शेवटची.

पण गप्प बसणे हेही उत्तर नव्हे. पेनेलपी फिट्झजेरल्ड यांच्या ‘ऑफशोअर’ या कादंबरीला १९७९ चे बुकर पारितोषिक मिळाले. थेम्सवरच्या जुन्या मालवाहू नावांत राहणाऱ्या माणसांची ही गोष्ट. लेखिका स्वतः कुटुंबासह अशा नावेत राहत होत्या आणि ती नाव बुडाली होती. कादंबरीच्या सुरुवातीलाच शेजाऱ्यांची सभा भरते. आरमारातून आलेला रिचर्ड प्रत्येकाला त्याच्या नावेच्या नावाने हाक मारतो. विषय असा की विलिस या म्हाताऱ्या चित्रकाराला आपली ‘ड्रेडनॉट’ विकायची आहे, तिला गळती आहे आणि गिऱ्हाइकापुढे ती कोणी बोलू नये अशी त्याची विनंती आहे. शेजाऱ्याला सांभाळून घ्यायचे, की खरे बोलायचे? कोणालाच नकार देववत नाही. पुढे ‘ड्रेडनॉट’ बुडते. शेजाऱ्यांची माया तिची गळती बुजवू शकत नाही.

तेव्हा रात्री दोनच्या त्या टकटकीकडे परत जाऊ. जुनी माणसे करतात ते असे. अंगावर काहीतरी घालून बाहेर यायचे. शेजारची नाव बंद आहे ना, आत कोणी नाही ना, हे हाक मारून पाहायचे. मग अनवाणी, पुढच्या बाजूने चढायचे, दोरी ओढून बांधायची, तेवढेच करायचे आणि उतरायचे. उतरता उतरता तिचे बाकीचे दोर ठीक आहेत का तेही पाहून घ्यायचे. सकाळी चिठ्ठी लिहायची : ‘काल रात्री वारा फार होता. तुमची दोरी आपटत होती म्हणून न विचारता नावेवर चढलो. क्षमा असावी. तुमचा मागचा दोर एका जागी झिजला आहे, पाहून घ्या.’ खाली आपले नाव आणि नावेचे नाव.

पुढच्या शनिवारी मालक येतो, चिठ्ठी वाचतो आणि दोर बदलतो. कधीतरी तुम्ही गावाला गेलेले असताना तुमच्या नावेचा दोर झिजलेला असेल, तेव्हा तिच्याकडे पाहणारे एक माणूस धक्क्यावर असते.